ढकलून मिळालेली लाट

सर्फिंगच्या पहिल्या शिकवणीत सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं पाण्याला पायसुद्धा लागत नाही. वाळूत बोर्ड टाकतात, त्यावर पालथं पडायचं आणि हवेत हात मारायचे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलीगामा गावात सकाळी साडेसहाला मी हे करत होते आणि पुळणीवरचं एक भटकं कुत्रं माझ्यासमोर बसून गंभीरपणे बघत होतं. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. तिथे रोज सकाळी शेकडो लोक असेच वाळूत पोहत असतात.

मी दादरची. चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. मुंबईत समुद्र बघायचा असतो, त्यात उतरायचं नसतं. पावसाळ्यात 4.5 मीटरच्या वरची भरती कोणकोणत्या दिवशी आहे ते महापालिका जाहीर करते, पेपरात तक्ता येतो, आणि त्या दिवशी आपण एकतर घरी बसतो नाहीतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून भिजून येतो. आक्सा किनाऱ्याचं नाव निघालं की बुडाल्याच्या बातम्या आठवतात. पोहायला शिकले ती शिवाजी पार्कच्या तरणतलावात, क्लोरीनच्या पाण्यात, कड हाताशी ठेवून.

जानेवारीत आम्ही तिघं कोलंबोला उतरून खाली दक्षिणेला गेलो. मुलगा कॉलेजात आहे, त्याने मुंबईतूनच ठरवलं होतं की सर्फिंग करायचं. त्याने ग्रुपची शिकवणी घेतली. मी खासगी घेतली, आणि त्याचं कारण लाज. ग्रुपमध्ये तीन-चार जणांमागे एक शिकवणारा असतो, आणि ते तीन-चार जण बहुधा पंचविशीचे युरोपियन. त्यांच्या रांगेत बँकेत बसून बसून आखडलेली, चाळिशी केव्हाच ओलांडलेली, एका गुडघ्याची तक्रार असलेली बाई उभी करून चौघांचा वेळ घालवायचा, हे मला पटेना. खासगीला पैसे जवळजवळ दुप्पट पडतात. तिकडचा रुपया हलका आहे, आपल्या एका रुपयाला तीन-साडेतीन मिळतात, त्यामुळे आकडा ऐकून आधी धस्स होतं आणि भागाकार केल्यावर जरा बरं वाटतं.

कपड्यांची चिंताही मुंबईहून बरोबर नेली होती. ती फुकट गेली. पाण्यात जवळजवळ सगळेच पूर्ण बाह्यांचा घट्ट रॅश गार्ड घालतात, बऱ्याच बायका घोट्यापर्यंतची लेगिंग घालतात, कारण बोर्डावर पोट आणि गुडघे घासून सोलवटतात आणि ऊन तर विषुववृत्ताजवळचं. सुती टी-शर्ट मात्र घालू नये. तो पाणी पितो, जड होतो आणि घासतोही. मी तोंडाला जस्ताचा पांढरा लेप थापला आणि गुडघ्याच्या मागची बाजू विसरले. पालथं पडून तास काढल्यावर नेमकी तीच भाजते. पुढचे दोन दिवस रिक्षात बसताना आठवण येत होती.

शिकवणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. तिथे सगळे एकमेकांना जसं म्हणतात तसं मी त्याला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागले आणि तो मला अक्का, म्हणजे मोठी बहीण. बोलणं मोडक्या इंग्रजीत, पण शिकवण्यात कुठे अडलं नाही. त्याने मला पाठमोरी उभं केलं आणि काही न सांगता मागून हलकेच ढकललं. डावा पाय पुढे पडला. झालं, बोर्डावर डावा पाय पुढे, उजवा मागे, आणि लीश म्हणजे बोर्डाला बांधलेली ती दोरी उजव्या घोट्याला. ज्यांचा उजवा पाय पुढे पडतो त्यांना सर्फिंगवाले गूफी म्हणतात. माझा मुलगा गूफी निघाला आणि त्याने त्याची फुशारकी दिवसभर मारली.

बोर्ड नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. लहान बोर्ड दिसायला देखणा असतो, पण नवशिक्याला तो तरंगवत नाही. मोठा फोम बोर्ड स्थिर राहतो आणि डोक्यावर आपटला तरी खोक पडत नाही. मग पॉप-अप, म्हणजे पालथ्यावरून उभं राहणं. तळवे बरगड्यांच्या शेजारी, छाती वर, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली. शाळेपासून सूर्यनमस्कार घातलेले असल्याने भुजंगासनापर्यंतचं मला चांगलं जमलं. अडचण पुढे आली. सूर्यनमस्कारात पाय एकेक करून सावकाश पुढे आणायची सवय, आणि इथे तसं केलं की गुडघा टेकतो आणि बोर्ड त्या बाजूला कलंडतो. मल्लीने मला वाळूत तेच करायला लावलं, परत परत, कुत्रं कंटाळून उठून जाईपर्यंत.

पडायचं कसं हेही वाळूतच शिकवतात, आणि माझ्या मते शिकवणीचे अर्धे पैसे तिथेच वसूल होतात. डोक्याने सूर मारायचा नाही, कारण खाली पाणी कंबरेइतकंच आहे. पाय ताठ करून उभी उडीही मारायची नाही, घोटा मुरगळतो. बाजूला किंवा पाठीवर, पसरट पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण बोर्ड दोरीने तुमच्याकडेच परत येतो. बोर्ड घेऊन आत चालत जाताना तो कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही, शेजारी धरायचा, टोक समोरून येणाऱ्या लाटेकडे. आडवा धरलेला बोर्ड लाट सरळ तुमच्या दातांवर आणते. दोरी हाताला गुंडाळायची नाही. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झगडत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या बाहेर पडायचं. हे शेवटचं मुंबईतल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं.

मग पाणी. कोमट, आणि तळाशी नुसती वाळू. वेलीगामाचा उपसागर अर्धगोल आहे, तळ उथळ आणि वाळूचा, म्हणून नवशिके इथे येतात. आजूबाजूच्या बऱ्याच ठिकाणी खाली खडक आणि प्रवाळ आहे, तिथे पडणं महागात जातं. आम्ही छातीपर्यंतच्या पाण्यात गेलो. लाट फुटून तिचा पांढरा फेसाळ लोट किनाऱ्याकडे धावतो, त्यालाच व्हाइट वॉटर म्हणतात, आणि पहिली शिकवणी त्याच्यावरच होते. मी बोर्डावर पालथी, तोंड किनाऱ्याकडे, मल्ली मागे बोर्डाचं शेपूट धरून उभा. मला मागचं काही दिसत नव्हतं. फक्त त्याचा आवाज. "थांब. थांब. ही नको. आता... हात मार, अक्का, हात मार!" मग पाठीमागून गर्जना, एक जोरदार ढकल, आणि "उठ!"

पहिल्यांदा मी उठलेच नाही. बोर्ड एवढा वेगात निघाला की मी कडा घट्ट धरून पालथीच किनाऱ्यापर्यंत गेले आणि वाळूला लागल्यावर मोठ्याने हसत सुटले. लाट पाठीमागून अशी उचलून घेते हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपांना गुडघा टेकला, डावीकडे पडले, उजवीकडे पडले. फार पुढे सरकले होते तेव्हा बोर्डाने पाण्यात नाक खुपसलं आणि मी त्याच्यावरून. नाकातोंडात खारट पाणी जायचं ते गेलंच. प्रत्येक वेळी मल्लीचं ठरलेलं वाक्य: "अक्का, पाय बघू नकोस. पाय कुठे जात नाहीत." जिथे बघाल तिथे शरीर जातं. खाली बघितलं की खाली. त्याने मला किनाऱ्यावरच्या एका निळ्या छपरावर नजर रोवायला सांगितली.

आणि मग उभी राहिले. निळं छप्पर माझ्याकडे येत होतं. गुडघे वाकलेले, हात कुठेतरी हवेत, आणि पायाखालून सर्र आवाज. किती वेळ, सांगता येणार नाही, तीन-चार सेकंद असतील. पडले तेव्हा पसरट पडायचं वगैरे काही आठवलं नाही, पण तोंडावरचं हसू पाण्याखालीही होतं. त्यानंतर बऱ्याचदा उभी राहिले. मल्ली प्रत्येक वेळी दोन्ही हात वर करून ओरडायचा, जणू मी वर्ल्ड कप जिंकून दिलाय. नवऱ्याने किनाऱ्यावरून व्हिडिओ काढला आणि आम्ही नाश्त्याला बसायच्या आत तो घरच्या ग्रुपवर टाकला.

आत्या, मावश्या, बिल्डिंगमधल्या मैत्रिणी, सगळ्यांचे अंगठे आले. संध्याकाळी सासूबाईंचा दादरहून फोन. त्या आधी सर्दी होईल म्हणाल्या, मग जेवणाचं विचारलं, आणि मग, "अगं, मी तीनदा बघितला तो व्हिडिओ. तो मुलगा मागून ढकलतोय की तुला!"

मी म्हटलं, आई, शिकताना तसंच असतं. पण फोन ठेवल्यावर मीही व्हिडिओ परत बघितला. खरंच होतं. लाट त्याने निवडली, वेळ त्याने साधली, वेग त्याच्या हाताने दिला. मी फक्त सांगितल्यावर उठले. सर्फिंगमध्ये उभं राहणं हा सगळ्यात दिसणारा भाग असतो, पण फार छोटा. कोणती लाट घ्यायची ते ओळखणं, ती येईपर्यंत योग्य जागी असणं आणि तिच्या वेगाला लागेल इतकं पॅडल मारणं, म्हणजे पालथं पडून हातांनी पाणी मागे लोटणं, यात खरी विद्या. खासगी शिकवणीत ती सगळी शिकवणाराच वापरतो. मुलाच्या ग्रुपमध्ये एक शिकवणारा चौघांना पुरा पडत नव्हता, त्यामुळे मुलगा बराच वेळ एकटा धडपडत होता. तो कमी वेळा उभा राहिला, पण त्याला पॅडल मारून लाटेत शिरणं माझ्याआधी कळलं. मी जास्त पैसे देऊन कमी शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

मल्लीला दोष देत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला उभं राहिलेला फोटो हवा असतो, तो मिळाला की माणूस खूश होतो, शेजाऱ्याला सांगतो. न ढकलता शिकवलं तर पहिल्या दिवशी निम्मी माणसं कोरी परत जातील. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, आज ढकलू नकोस. तो गोंधळला. "पण मग तू उभी नाही राहणार, अक्का." चालेल, म्हटलं.

त्या दिवशी तासाचा बराच वेळ आम्ही नुसते पाण्यात उभे राहून क्षितिज बघत होतो, आणि मला तीच शिकवणी जास्त आवडली. लाटा घोळक्याने येतात. थोड्या मोठ्या लाटा लागोपाठ, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा घोळका. लांबवर पाण्यावर काळसर पट्टा दिसला की मल्ली हनुवटीने दाखवायचा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा पाय अडखळतो आणि माथा पुढे कोसळतो, म्हणून लाटा रोज त्याच त्या पट्ट्यात फुटतात. ती जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून लक्षात ठेवायची. मी त्याला दादरच्या माणसाला सुचणारा प्रश्न विचारला: भरती किती वाजता? त्याने खांदे उडवले. तिथे भरती-ओहोटीत एक मीटरचाही फरक नसतो. आपल्याकडे मात्र समुद्र दिवसातून दोनदा खडक उघडे टाकून लांब जातो आणि परत येतो.

वाऱ्याचं मात्र तो फार मनावर घ्यायचा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडलेले बघितले. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, तो लाटेचा चेहरा गुळगुळीत धरून ठेवतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तीच लाट विस्कटते. म्हणून साडेसहाची शिकवणी. आणि लाटा मुळात तिथल्या वाऱ्याच्या नसतातच. दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळी समुद्रात त्या उठतात आणि हजारो किलोमीटर चालत येतात. येईपर्यंत त्यांच्यातला गोंधळ गळून पडतो, दोन लाटांमध्ये भरपूर अंतर राहतं. 2024 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मुंबईसकट पश्चिम किनाऱ्यावर ऊन स्वच्छ असताना उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने दिला होता, त्या लाटाही दक्षिण हिंदी महासागरातूनच निघालेल्या. तेव्हा ढग नाही, पाऊस नाही आणि इशारा कसला, असं म्हणून मी ती बातमी सोडून दिली होती.

पॅडल मारणं मात्र हाल होते. छाती वर उचललेली, मान ताठ, आणि खांद्यांपासून हात. तरणतलावात कड धरून पोहणाऱ्याचे खांदे दहा मिनिटांत संपतात. लाट माझ्या खालून निघून जायची आणि मी जागच्या जागी. कधी फार मागे पडलेली असायचे, मग बोर्डाचं नाक वर आणि लाट पुढे. "आधी सुरू कर," मल्ली सांगायचा, "लाट आली की नाही, ती यायच्या आधी." शेवटी एका बेताच्या फेसाळ लाटेला, तो हात पाठीमागे बांधून बघत असताना, बोर्डाने स्वतःहून वेग घेतला. तो क्षण ओळखू येतो. हात मारायची गरज अचानक संपते. मी उठायचा प्रयत्न केला, गुडघा टेकला आणि गुडघ्यावरच काही अंतर गेले. मल्लीने या वेळी हात वर केले नाहीत. नुसती मान हलवली, आणि मला ते जास्त खरं वाटलं. पुढच्या दिवशी उभंही राहता आलं, वाकडंतिकडं आणि फार थोडा वेळ. तेव्हा व्हिडिओ काढायला नवरा नव्हता, तो गॉलचा किल्ला बघायला गेला होता.

तीन सकाळी झाल्यावर माझं मत असं झालंय: पहिली शिकवणी खासगी घ्यावी, निदान आपल्या वयाच्या आणि पाण्याला बिचकणाऱ्या माणसाने. पडायचं कसं, बोर्ड धरायचा कसा हे कोणीतरी फक्त तुमच्याकडे बघत शिकवलं तर भीती लवकर जाते. दुसऱ्या दिवसापासून मात्र एकतर ग्रुपमध्ये जावं नाहीतर शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगावं की हात मागे ठेव. आणि अंग दुखतं ते पायांचं नाही. बरगड्या आणि खांदे दुखतात, खोकलं तरी कळतं.

दादरला परत आल्यावर बिल्डिंगमधल्या मुलांनी विचारलं, इथे करता येईल का. मी आता चौपाटीवर उभी राहून बघते तर हिवाळ्यात पाणी सपाट, चांगली लाटच नाही. पावसाळ्यात लाट असते, पण ती जवळच्याच वाऱ्याने उठलेली, एकीच्या अंगावर दुसरी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि पाण्यात समुद्राने परत केलेलं शहरभराचं प्लॅस्टिक. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते आणि परंपरेने कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेच जात नसतील तर नवशिक्याने तेव्हा पाण्यात जायचं कारण नाही. जुहू-आक्साला तर शिकवणाऱ्याशिवाय बोर्ड घेऊन उतरूच नये.

श्रीलंकेपर्यंत जायलाच हवं असंही नाही. दक्षिण कर्नाटकात मुल्कीला सर्फिंग शिकवतात, देशातले सुरुवातीचे बरेच सर्फर तिथे तयार झाले, आणि मुल्की कोकण रेल्वेवर आहे. पावसाळा सोडून जायचं. पुढच्या डिसेंबरचं आमचं तसं चाललंय. सासूबाईही येणार म्हणतात. त्यांना जवळच उडुपीचा कृष्ण बघायचाय, आणि सकाळी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायचंय.